निघालेल्या माणसाला विचारू नये

तीस वर्षं मी एस्टीत कंडक्टर होतो. या तीस वर्षांत मी माणसांना सर्वांत जास्त वेळा काय विचारलं असेल, तर "खंय?", म्हणजे कुठे, एवढंच. उभ्या गर्दीतून वाट काढत, एका हाताने दांडा धरून, मालवणपासून वैभववाडीपर्यंत हाच एक प्रश्न. माणूस गावाचं नाव सांगायचा, मी तिकीट द्यायचो. पुढे तिकिटाचा पंच जाऊन मशीन आलं, पण प्रश्न तोच राहिला.

आता गंमत अशी की आमच्या भागात हा प्रश्न अपशकुनी. घरातून कामाला निघालेल्या माणसाला "खंय चललंस?" म्हणून विचारायचं नाही. विचारलं की काम फिसकटतं. अगदीच राहवलं नाही तर "लांब काय?" म्हणायचं, आणि समोरच्यानेही "नाय, हंयच", म्हणजे इथेच, एवढंच सांगायचं, मग तो मुंबईला निघालेला का असेना. चुकून कोणी "खंय" विचारलंच, तर निघालेल्याने मागे फिरायचं, घरात जाऊन घटकाभर बसायचं, घोटभर पाणी प्यायचं आणि मग पुन्हा निघायचं. विचारणाऱ्याचा उद्धार दिवसभर चालतो. यातून सुटका फक्त कंडक्टरला. त्याचं "खंय" कोणाला लागत नाही. माझी आई म्हणायची, "गाडीत काय ता इचार, दारात तोंड उघडू नको."

ते मी निवृत्तीनंतरही पाळलं. त्याचीच ही गोष्ट आहे.

आमच्या वाडीत माझ्या घरापलीकडे तीन घरं सोडून माझा ड्रायव्हर राहायचा. माझा म्हणजे काय, सरकारी गाडीचाच, पण अठरा वर्षं आमची ड्यूटी एकत्र लागली, त्यामुळे मी त्याला माझाच समजायचो. तो गाडी चालवायचा, मी तोंड चालवायचो. दिवसभरात तो दहा वाक्यं बोलला तरी खूप. आमचं बोलणं घंटीच्या दोरीवरून व्हायचं. एक बेल दिली की थांब, दोन दिल्या की चल. कधी चढावर, कधी भर पावसात, कोणी म्हातारी हात करताना दिसली की मी एक बेल द्यायचो. तो आरशातून माझ्याकडे बघून शिव्या घालायचा, पण थांबायचा. अठरा वर्षांत माझ्या एका बेलवर तो थांबला नाही, असं एकदाही झालं नाही.

खाडीवरचा मोठा पूल झाला तेव्हा त्यावरून पहिली एस्टी गेली ती आमचीच. झेंडूच्या माळा त्याने स्वतः बांधल्या होत्या. पुलाच्या मधोमध त्याने माझी बेल नसताना गाडी थांबवली आणि मागे वळून म्हणाला, "बघून घेवा सगळ्यांनी." खाली खाडीचं पाणी, लांबवर समुद्राची रेघ, दोन्ही काठांना माड. गाडीतली माणसं एका बाजूला झाली तशी गाडी कलली. मी ओरडलो. तो हसला. इतका मोकळा हसलेला मी त्याला नंतर पाहिला नाही.

निवृत्त झाल्यावर तो हळूहळू गप्प झाला. मुळात कमी बोलणारा, त्यामुळे कोणाच्या लक्षात यायला वेळ लागला. आधी बाजारात येणं बंद झालं. मग दाढी वाढली. रात्री झोप नाही, जेवणावर वासना नाही, असं त्याची बायको माझ्या बायकोला सांगायची. मी काय केलं? थट्टा केली. "मेल्या, स्टेरिंग सुटला म्हणान हातच गळले तुझे?" तो कसनुसं हसायचा. त्याची मुलगी सावंतवाडीला असते. तिने तिथल्या डॉक्टरांचं नाव काढलं होतं, मनाच्या आजारावर औषध देतात ते. जायचं ठरलंही होतं. पण पावसात नको, पाऊस सरल्यावर. मग चतुर्थी आली. घरात गणपती, पाहुणे. सोबत यायचं कबूल करून मीच म्हटलं, "चवथ होवंदे, मगे जावया. मी येतंय तुझ्यावांगडा." चतुर्थी झाली, भातकापणी आली. ताप आला असता तर आम्ही त्याला दुसऱ्या दिवशी उचलून नेला असता. हा आजार दिसत नव्हता, म्हणून आम्ही सगळ्यांनी तो कापणीच्या मागे ढकलला.

त्या दिवशी दुपारचे चार वाजले असतील. थंडीचे दिवस, ऊन छान होतं. मी खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, सुपारी सोलत बसलो होतो. तो पायवाटेने आला. पांढरा इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला, आणि किती महिन्यांनी गुळगुळीत दाढी केलेली. मला इतका आनंद झाला की काय सांगू. वाटलं, हा निघाला एकदाचा. सावंतवाडीला चालला असणार, मुलीकडे, डॉक्टरकडे. "खंय" अगदी ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं. एवढ्या महिन्यांनी माणूस चांगल्या कामाला निघालाय आणि आपण कशाला त्याला नाट लावायचा, असं मनात आलं.

"लांब काय रे?" मी विचारलं.

"नाय रे. हंयच."

तो क्षणभर उभा राहिला. माझ्या हातातल्या सुपारीकडे बघत होता. त्या थांबण्यावर मी नंतर किती विचार केला असेल याला हिशेब नाही. तेव्हा मात्र मी म्हटलं, "बरां. ये जावन."

आमच्याकडे निघणारा "जातंय" म्हणत नाही, "येतंय" म्हणतो. तोही "येतंय" म्हणाला आणि गेला. मी परत सुपारीला लागलो.

पुढचं मी लिहिणार नाही. दिवेलागणीला पुलाकडून माणसं आमच्या वाडीकडे धावत आली, एवढं पुरे आहे.

तिसऱ्या दिवशी त्याच्या घरी माणसं बसलेली असताना वैनीने मला विचारलं. वैनी म्हणजे त्याची बायको. रडून रडून तिचा आवाज बसला होता. "भावजीनू, तुमच्या खळ्यातसूनच गेले ते. तुमी बघलात तेंका?"

"नाय गो वैनी," मी म्हटलं. "माका डोळो लागलो होतो."

हे खोटं मी पोलिसांनाही सांगितलं होतं, तिथे त्याचं काही वाटलं नाही. पण तिच्यासमोर बोललो आणि त्या क्षणापासून माझं खाणंपिणं कडू झालं. तिला खरं सांगायचं की नाही, एवढा एकच प्रश्न मला उरला. रोज सकाळी ठरवायचो, आज सांगू. रोज तिच्या दारावरून पुढे जायचो.

पुलावरून गेलेला तो पहिला नव्हता. आधीचे बाहेरगावचे होते, म्हणून आम्ही हळहळून गप्प बसलो होतो. आता आपलं माणूस गेल्यावर गाव जमला. जागा वाईट आहे, असं ठरलं. पूल बांधताना जागेच्या राखणदार देवाला मान द्यायचा राहिला असणार, असं कोणी काढलं. पुलाच्या तोंडाशी नारळ ठेवला, मानकऱ्याने गाऱ्हाणं घातलं, "ह्या जाग्यार जा काय वाकडा असात, ता सरळ कर रे म्हाराजा." सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं. मीही म्हटलं. पण आतून मी पेटलो होतो. मला देवाचा राग नाही, आमचा राग आला. जागेवर ढकललं की माणसं मोकळी. ज्याने त्याला बघूनही विचारलं नाही, तो तिथे हात जोडून पुढच्याच रांगेत उभा होता. आणि पुलाचा कठडा माणसाच्या कमरेएवढाच का, हे एकाही मानकऱ्याच्या तोंडून आलं नाही.

मग मी अर्ज लिहिला. कठडा उंच करा, जाळी बसवा, दोन्ही टोकांना मदतीच्या फोन नंबराचा फलक लावा आणि संध्याकाळपर्यंत एक माणूस नेमा. पुलाचं काम बघणाऱ्या ऑफिसात गेलो. तिथे आपोआप शुद्ध मराठी बोलायला लागतो मी, बूट घातल्यासारखं. साहेब तरुण होते, वागायला चांगले. चहा दिला.

"काका, तुमच्या भावना समजतात," ते म्हणाले. "पण जाळी लावली तर पुलाचा व्ह्यू जातो. पर्यटकांची तक्रार येते. आणि खरं सांगू का, ज्याला जायचंच आहे त्याला जाळी काय अडवणार? तो दुसरीकडे जाईल."

हे वाक्य मी आजवर कितीतरी शहाण्यासुरत्या माणसांकडून ऐकलंय. मी त्यांना म्हटलं, "साहेब, मी तीस वर्षं एस्टीत काढली. गाडी चुकलेली माणसं मी रोज बघितली. तुम्हाला वाटतं ती सगळी दुसरी गाडी धरतात. तसं नसतं. बरीच जण थोडा वेळ बसतात, शिव्या घालतात, वडापाव खातात आणि घरी जातात. उद्या बघू म्हणतात. मला एवढंच पाहिजे, की त्या माणसाची गाडी चुकावी."

साहेबांनी अर्जावर काहीतरी लिहिलं. पुढे उत्तर आलं की सदर बाब तपासून योग्य ती कार्यवाही करण्यात येईल. मी तीनदा गेलो. चौथ्यांदा गेलो तेव्हा साहेबांची बदली झाली होती.

पुलावर काहीच झालं नाही असं मात्र नाही. रंगीत दिवे लागले. एका टोकाला सेल्फीसाठी लाल बदाम आणि इंग्रजी अक्षरं उभी राहिली. सुट्टीच्या दिवशी गाड्या पुलाच्या मधोमध थांबतात, मुली ओढण्या उडवत फोटो काढतात. त्यांचा काय दोष? मधोमध थांबून बघून घ्यायला त्यानेच आम्हाला शिकवलं होतं. मदतीच्या नंबराचा फलकही आला, माझ्या अर्जाचं तेवढं एक फळ. मी रोज येता-जाता त्याच्याकडे बघायचो. महिन्याभरात त्याच्यावर कोणा दादांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स बांधला गेला. मी सुऱ्याने दोऱ्या कापल्या. रात्रीपर्यंत चार पोरं दारात येऊन मला समजावून गेली. समजावून म्हणजे काय ते कळलं असेल. आठवड्याने फ्लेक्स परत आला, या वेळी तारेने बांधलेला.

मग मी पुलाच्या तोंडाशी असलेल्या एस्टी थांब्याच्या पिकप शेडमध्ये जाऊन बसायला लागलो. दुपारी तीनला जायचं, दिवेलागणीला उठायचं. बायको म्हणाली, तुमका याड लागलां. मी म्हटलं, ड्यूटी. आणि पुलाकडे पायी निघालेला जो दिसेल त्याला मी विचारायला लागलो, "खंय?"

गावाने मला जे काय म्हणून घेतलं! मासे विकायला निघालेल्या बाईने पाटी खाली ठेवून माझ्या सात पिढ्या काढल्या. मुलगी बघायला निघालेली माणसं मागे फिरली, घरी जाऊन पाणी प्याली आणि दुसऱ्या रस्त्याने वळसा घालून गेली. मला "खंयवालो" नाव पडलं. पंचायतीत बोलावून सांगितलं गेलं, की वयाला शोभेल असं वागा. माझ्या अंगावर खाकी नव्हती ना. पण मी बघत होतो. शिव्या घालणारा प्रत्येक माणूस थांबत होता. रागाने का होईना, माझ्याकडे तोंड करून दोन शब्द बोलत होता. बरेच जण खरोखर मागे फिरून घरी जाऊन बसत होते.

आपला रिवाज कसा आहे ते मला तिथे, त्या शेडमध्ये समजलं. ज्याला विचारलं जातं त्याला घरी जावं लागतं, बसावं लागतं, कोणाच्या तरी हातचं पाणी प्यावं लागतं. आणि मी आयुष्यभर पाळलेली शिस्त ती, की विचारायचं नाही.

एका दुपारी एक माणूस आला. घाटावरचा, चाळिशीतला. हातात पिशवी नाही, गाडी नाही. खिशात फोन वाजत होता आणि तो काढून बघतही नव्हता. मी "खंय?" म्हटलं ते त्याला कळलं नाही. मग विचारलं, "कुठे निघालात?"

"कुठेच नाही," तो म्हणाला.

तीस वर्षांत हे उत्तर मला कोणी दिलं नव्हतं. पण तोंडाला सवय होती. "मग बसा," मी म्हटलं. "गाडीला वेळ आहे." तो बसला. मी बाटलीतलं पाणी दिलं. त्याने ते घेतलं. मी त्याला स्पष्टच विचारलं, "जीव द्यायचं मनात आहे का?" त्याने मान हलवली आणि रडायला लागला. मी काही शहाणपण शिकवलं नाही, मला येत नाही. फोन पुन्हा वाजला तेव्हा म्हटलं, "उचला, नाहीतर मी उचलतो." मीच उचलला. त्याचा भाऊ होता, घरची माणसं मालवणात हॉटेलवर उतरली होती, सगळे त्याला शोधत होते. भाऊ येईपर्यंत आम्ही शेजारी बसून होतो. दोन महिन्यांनी त्या भावाचा मेसेज आला, की दादा डॉक्टरांकडे जातो, गोळ्या चालू आहेत, आता जेवतो.

बायकोला वाटलं मी खूश होईन. मी तो मेसेज वाचला आणि मागच्या पडवीत जाऊन रडलो. तोपर्यंत मनाच्या एका कोपऱ्यात साहेबांचं वाक्य मी जपून ठेवलं होतं. ज्याला जायचंच आहे त्याला कोण अडवणार? त्या वाक्याच्या आधाराने मी झोपत होतो. त्या मेसेजने तेवढाही आधार काढून घेतला. एक परका माणूस एका प्रश्नावर बसला. आणि जो अठरा वर्षं माझ्या एका बेलवर थांबत आला, त्याला मी बेलच दिली नाही.

त्याचं वर्षश्राद्ध जवळ आलं तेव्हा वैनी आमच्याकडे सांगायला आली. दुपारची वेळ, बायको बाजारात गेलेली. वैनी पडवीच्या पायरीवर बसली. दिवस सांगितला, जेवायला दोघांनीही या म्हणाली. आणि मी, काही ठरवलेलं नसताना, बोललो.

"वैनी, मी खोटा सांगलंय तुका. माका झोप लागूक नाय होती. हंयच बसलंय होतंय. तो माझ्यासमोरसून गेलो. थांबलो पण. मी तेका खंय म्हणान इचारूक नाय."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मला वाटलं आता ती उठेल, थुंकेल, शिव्याशाप देईल. मला ते हवंच होतं. वर्षभर मी त्याचीच वाट बघत होतो.

"शर्टाक इस्त्री मीच केलंय," ती म्हणाली. "इस्त्री कर म्हणाले. माका इतक्या बरां वाटलां. दाढी केल्यानी, भांग पाडल्यानी. मी दारात उभी रवान बघलंय. तोंडार इलां होतां माझ्या. पण म्हटलां, चांगल्या कामाक निघाले असतीत, कशाक इचारा. गिळलंय." तिने पदराने तोंड पुसलं. "आता सगळे माका इचारतत, तुका काय सांगून गेले? सांगतले कशे, भावजीनू? मी इचारूकच नाय."

पुलावरून जड गाडी गेली की आमच्या खळ्यापर्यंत आवाज येतो, तसा आला. मला कशाचंच बरं वाटलं नाही. चूक वाटली गेली म्हणून ती हलकी होत नाही, दोन घरांत राहायला जाते एवढंच.

थोड्या वेळाने ती उठली. "येतंय," म्हणाली.

तोच शब्द, तीच वेळ, तीच पायवाट. खळ्याच्या टोकाला ती वाट फुटते. डावीकडे तिचं घर, उजवीकडे पूल. ती टोकाशी पोचली आणि माझ्या तोंडातून आवाज निघाला, गाडीत निघायचा तसा, जोरात.

"वैनी, खंय?"

ती थांबली. वळून माझ्याकडे बघितलं. ती रागावली नाही. "घराक," म्हणाली. "आणि खंय जातलंय?"

मग रीतीप्रमाणे ती मागे आली आणि पायरीवर बसली. मी आत गेलो. घाईत तांब्या भरताना अर्धं पाणी चुलीपुढे सांडलं. उरलेलं आणून तिला दिलं. तिने ते सावकाश, सगळं प्यायलं आणि तांब्या खाली ठेवला.

"आपणापैकी एकान जरी इचारलां असतां," ती म्हणाली, "तर ते मागे फिरान घराक इले असते. पाणी मीच दिलां असतां."